गेटच्या आत तास, गेटच्या बाहेर टन

हिवाळ्यातल्या कोणत्याही रात्री कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या पट्ट्यातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या गेटपाशी उभे राहिले, तर दोन तऱ्हेचे कामगार एकाच वेळी कामावर दिसतात. गेटच्या आत भोंगा होतो, एक पाळी उतरते आणि दुसरी चढते. बदलीचा माणूस आला नाही म्हणून एखाद्याला पुढची पाळीही काढावी लागली, तर टाइम ऑफिसात तशी नोंद होते. त्या जादा तासांचा मोबदला दुप्पट द्यावा, असे कायदा सांगतो. गेटच्या बाहेर गाडीतळावर बैल सोडून गाडीवान नंबर लागायची वाट पाहत बसलेला असतो. तो पहाटे चारला उठून फडात गेलेला असतो. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून तो संध्याकाळी इथे आलेला असतो आणि गव्हाणीपर्यंत पोचायला त्याला मध्यरात्र होते. त्याच्या उसाचे वजन काट्यावर किलोपर्यंत मोजले जाते. त्याचे तास मात्र कुठल्याही वहीत चढत नाहीत.

साखरेच्या एकाच पोत्यामागे राबणाऱ्या या दोघांच्या मध्ये ही रेघ कशी पडली, याची कहाणी शंभराहून अधिक वर्षांची आहे. तिची सुरुवात मुंबईच्या गिरण्यांत झाली. पण रेघ ठळक झाली ती अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांच्या काठी.

कामाचा दिवस कुठे तरी संपला पाहिजे, ही मागणी महाराष्ट्रात पहिल्यांदा संघटितपणे केली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवले. आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढीच कामाची वेळ असावी, अशा मागण्या त्यात होत्या. आज त्या वाचताना मन गलबलते. सूर्यास्ताला काम थांबावे एवढेसुद्धा मागून घ्यावे लागत होते, इतका गिरणीतला दिवस लांब होता. रविवारची सुट्टी मान्य झाली ती १० जून १८९० रोजी, सहा वर्षे झगडल्यावर.

जादा कामाला जादा दाम, हे तत्त्व कायद्यात यायला आणखी तीन दशके लागली. पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली आणि १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेने उद्योगांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा ठरवली. हिंदुस्थानसाठी मात्र वेगळे कलम घालून ती ६० तास ठेवली गेली. त्यानुसार १९२२ मध्ये इथला फॅक्टरी कायदा बदलला. दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तासांची मर्यादा आली, आणि तिच्या वरच्या कामाला सव्वापट मजुरी द्यावी असे ठरले. सव्वापट हा आकडा लहान असला तरी त्यामागचा विचार मोठा होता. ठरलेल्या वेळेनंतरचा तास कामगाराच्या स्वतःच्या आयुष्यातला आहे, तो घ्यायचा तर मालकाला महाग पडला पाहिजे, हे प्रथमच मान्य झाले.

नेमक्या याच काळात नगर जिल्ह्याचा उत्तर भाग बदलत होता. दारणा धरण १९१६ मध्ये झाले आणि गोदावरीच्या कालव्यांना पाणी आले. अकोले तालुक्यातले भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेचे कालवे वाहू लागले. दुष्काळाच्या भीतीने काढलेल्या या कालव्यांचे पाणी बाजरी-ज्वारीला परवडेना, म्हणून सरकारला ऊस हवा होता आणि उसासाठी भांडवल हवे होते. हरेगावला १९१९ मध्ये बेलापूर कंपनी उभी राहिली. तिने शेतकऱ्यांकडून हजारो एकर जमीन खंडाने घेतली. त्या जमिनी परत मिळवण्यासाठी खंडकऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांना जे झगडावे लागले, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्यानंतर १९३० च्या दशकात श्रीरामपूरजवळ टिळकनगरला डहाणूकरांचा कारखाना आला, आणि त्या दशकाच्या अखेरीला कोपरगावकडे साकरवाडी व लक्ष्मीवाडीला सोमय्यांचे कारखाने आले. माळरानावर चिमण्या उभ्या राहिल्या आणि घड्याळ नसलेल्या गावांतून भोंगा ऐकू यायला लागला.

इथेच कायद्याने पहिला भेद केला. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घातली. हंगामी कारखान्यांना मात्र ११ आणि ६० तासांची मुभा दिली. हंगामी कोणते, याची यादी कायद्यातच होती. तिच्यात कापसाचे जिनिंग-प्रेसिंग, चहा, कॉफी, नीळ, रबर यांच्याबरोबर साखर होती आणि गूळही होता. त्यामुळे मुंबईच्या गिरणीतला कामगार दहा तासांनी सुटत असताना हरेगावच्या गव्हाणीवरच्या कामगाराला अकरा तास राबवणे कायदेशीर ठरले. कारण असे दिले जाई की ऊस नाशवंत आहे, हंगाम थोडा आहे आणि कामगार उरलेले सहा-सात महिने शेतीत मोकळाच असतो. शेतीकडून आलेल्या माणसाचा वेळ स्वस्त असतो, हे गृहीत त्यात होते. पुढच्या सगळ्या इतिहासात हे गृहीत वेगवेगळ्या रूपांत भेटत राहते.

याच हरेगावात डिसेंबर १९३९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. निमित्त होते महार, मांग आणि इतर वतनदारांच्या परिषदेचे. ओव्हरटाइमच्या इतिहासात वतनाचा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण मला तो इथे अगदी जवळचा वाटतो. वतनदार महाराची चाकरी तासांची नव्हती. दिवसा की रात्री, आज की उद्या, घरातल्या एकाने यायचे की सगळ्यांनी, याला काही हिशेब नव्हता. गावकामगाराने बोलावले की निघायचे, आणि मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा व दारोदारचे बलुते. ज्या चाकरीला वेळेची सीमा नाही ती गुलामगिरीकडे झुकते, ही गोष्ट आंबेडकर या प्रश्नावर १९२० च्या दशकापासून मुंबईच्या कायदेमंडळात मांडत होते. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. पण ज्या हरेगावात कारखान्याचा भोंगा तास मोजत होता, त्याच गावात बिनतासांच्या चाकरीविरुद्ध परिषद भरावी, या योगायोगात त्या काळचे सगळे चित्र आहे.

तीन वर्षांनी, १९४२ मध्ये, आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. फॅक्टरी कायदा दुरुस्त करणारे विधेयक त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात मांडले आणि ते १९४६ मध्ये संमत झाले. बारमाही कारखान्यांचा आठवडा ४८ तासांचा झाला आणि हंगामी कारखान्यांचा ५०. जादा तासांची मजुरी थेट दुप्पट झाली. साठ आणि चोपन्न यांतला फरक पन्नास आणि अठ्ठेचाळीसवर आला. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने तोही पुसून टाकला. हंगामी असो वा बारमाही, दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास, त्यावर काम केले तर दुप्पट दाम. कलम ५९ हे त्याचे नाव, आणि साखर कामगारांच्या संघटनांचे जुने कार्यकर्ते कलमाचा आकडा अजून तोंडपाठ सांगतात. हा कायदा एप्रिल १९४९ पासून लागू झाला.

पुढच्याच वर्षी, १९५० च्या अखेरीस, लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले होते आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी अध्यक्ष म्हणून संस्थेची घडी बसवली होती. मग कोपरगाव, राहुरी, संगमनेर अशी एकामागून एक चिमणी उभी राहिली. सहकाराने नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला जे दिले, ते थोडे नव्हे. इथे सांगायचे ते एवढेच की हे कारखाने जन्माला आले तेव्हा आठ-नऊ तासांचा दिवस आणि दुप्पट दाम हा देशाचा कायदा होता. आतल्या कामगाराला तो आयता मिळाला असेही नाही. संघटना बांधाव्या लागल्या, संप करावे लागले. १९५७ मध्ये केंद्र सरकारने साखर धंद्यासाठी वेतन मंडळ नेमले, कामांच्या श्रेणी ठरल्या, आणि हंगामी कामगाराला गळीत बंद असतानाच्या महिन्यांसाठी ‘रिटेन्शन’ भत्ता मिळू लागला. शेतीतून आलेल्या माणसाचा मोकळा वेळसुद्धा काही किमतीचा आहे, ही कबुलीच त्या भत्त्यात होती. १९३४ चे गृहीत गेटच्या आत तरी मोडले होते.

गेटच्या बाहेर मात्र ते टिकून राहिले, आणि त्याचे कारण उसाच्या स्वभावात आहे. ऊस तोडल्यापासून तासातासाला त्यातली साखर उतरत जाते. म्हणून कारखान्याला रोज हवा तेवढाच ऊस, पण अगदी ताजा, चोवीस तास अखंड लागतो. कंपन्यांच्या काळात ऊस त्यांच्याच मळ्यावर होता आणि मजूर मळ्यावरच्या वाड्यांत राहत. सहकारात ऊस हजारो शेतकऱ्यांच्या विखुरलेल्या रानांत गेला. तो कधी तोडायचा हे कारखान्याचे शेतकी खाते ठरवू लागले, आणि तोडणारा माणूस लांबून आणायला लागला. तो आला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाकडून. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि त्यांना लागून असलेला बीडचा आष्टी, पाटोदा, शिरूरचा डोंगरपट्टा ही सगळी गर्भगिरी आणि बालाघाटच्या उतारांवरची कोरडवाहू गावे. एकाच जिल्ह्याच्या उत्तरेला कालव्याचे पाणी आणि दक्षिणेला पाण्याची वणवण. दक्षिणेचा माणूस उत्तरेच्या उसासाठी निघू लागला. दसरा झाला की ट्रक भरायचे आणि पट्टा पडला, म्हणजे गळीत संपले, की उन्हाळ्यात परतायचे, हे त्याचे वर्ष झाले.

त्याच्या मजुरीची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही. पावसाळ्यात घरात दाणा नसताना टोळी जमवणारा मुकादम ‘उचल’ देतो. ही हंगामाच्या मजुरीतून फेडायची आगाऊ रक्कम. एक नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, एकटा असेल तर ‘अर्धा कोयता’. दर टनावर ठरलेला. नवरा तोडतो, बायको पाचट सोलते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. मजुरी जोडीची म्हणून एकत्र आणि हिशेब बहुतेक नवऱ्याच्या नावाने, त्यामुळे बाईचा वेगळा दर कधी ठरलाच नाही. आजारपणात किंवा बाळंतपणात एखादा दिवस चुकला तर ‘खाडा’ धरून पैसे कापायची रीत आहे. कारखान्याचा चिटबॉय पावती देतो, काट्यावर वजन होते, पंधरवड्याला बिल निघते आणि त्यातून उचल वळती होते. रात्री अकराला ट्रॅक्टर आला तर रात्री अकराला भरायचा. वाहन आलेच नाही तर थांबायचे, आणि थांबण्याला दर नाही. चोवीस तास चालणाऱ्या यंत्राला आत तीन पाळ्या लागतात. त्याच यंत्राला बाहेरून ऊस पुरवणारी माणसे मात्र एकाच पाळीत असतात, आणि ती पाळी सहा महिने संपत नाही.

मालक कोण, हा प्रश्न विचारला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कारखाना म्हणतो, तोडणी-वाहतुकीचा करार वाहतूकदाराशी आहे. वाहतूकदार म्हणतो, माणसे मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी तर उचलीच्या कर्जात बुडालेला, त्यांच्यातलाच एक. शेतकरी म्हणतो, तोडणीचा खर्च माझ्या उसाच्या भावातून कापला जातो, पण तोडायला कोणाला आणायचे ते मी ठरवत नाही. चौघांचेही म्हणणे थोडेथोडे खरे आहे. पण कोणत्या दिवशी, कोणत्या फडात, कोणत्या जातीचा ऊस तोडायचा, हे ठरवणारा शेवटी कारखानाच असतो, आणि ज्याच्या हुकमाने दिवस ठरतो त्याच्यावर त्या दिवसाची जबाबदारी यायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

टनावर किंवा नगावर काम करणाऱ्याला तासांचे हक्क असतात का, हा वाद न्यायालयात गेला तो उसाच्या नव्हे, विडीच्या निमित्ताने, आणि तोही नगरच्या वेशीवर. संगमनेर, अकोले आणि शेजारचा सिन्नर हा विडीचा जुना पट्टा. सिन्नरच्या एका विडी कारखान्यातल्या कामगाराला चार दिवसांच्या रजेची मजुरी मिळाली नाही म्हणून खटला उभा राहिला आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचला. कामगार हजारी दराने विड्या वळत होता. तो कधी यावा, कधी जावा यावर बंधन नव्हते, एखादा दिवस आला नाही तरी चालत असे. बहुमताच्या निकालाने ठरवले की हा माणूस कारखाना कायद्याखालचा ‘कामगार’ नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदवले. त्याच्या थोडे आधी नागपूरच्या विडी कामगारांच्या खटल्यात न्यायालयाने उलट निर्णय दिला होता. तिथे कारखान्यातच आणि कारखान्याच्या वेळेतच काम करावे लागत होते, म्हणून ते कामगार ठरले. सिन्नरच्या माणसाला जायची मोकळीक होती, म्हणून त्याचे हक्क गेले. पण हजारी दराने पोट भरणारा माणूस त्या मोकळिकीचा उपयोग किती करू शकत होता, हे कोणत्याही विडी कामगाराच्या घरातल्या बाईने सांगितले असते.

या गोंधळाचा परिणाम चांगला झाला. विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा हवा हे पटले आणि १९६६ मध्ये संसदेने विडी व सिगार कामगारांचा कायदा केला. त्यात कारखान्यातल्या कामाला तासांची मर्यादा, जादा कामाला दुप्पट मजुरी, आणि घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार म्हणून ओळख मिळाली. ज्यांच्या कामाचा ढीग मोजला जातो त्यांचेही तास असतात, हे मान्य करणे कायद्याला अवघड नव्हते. मुळात १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ५९ मध्येच त्याची सोय होती. नगावर काम करणाऱ्या कामगाराची दिवसाची सरासरी कमाई काढायची, त्यावरून तासाचा दर धरायचा आणि जादा तासांना त्याच्या दुप्पट द्यायचे. ऊस तोडणाऱ्यासाठी असे काही झाले नाही. तो गेटच्या आत नव्हता, म्हणून कारखाना कायदा नाही. किमान वेतन कायद्यातही जादा कामाचे कलम होते, पण ज्यांचा दर तासावर, दिवसावर किंवा त्याहून मोठ्या मुदतीवर ठरलेला आहे त्यांच्यापुरतेच. टन हा त्यात बसत नव्हता.

हा भेद केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या १९३८ च्या प्रसिद्ध कायद्याने कामगारांना दीडपट ओव्हरटाइम दिला, पण शेतमजुरांना वगळले. पुढे १९६६ मध्ये त्यांना किमान वेतन मिळाले तरी ओव्हरटाइम मिळाला नाही. कॅलिफोर्निया राज्याने २०१६ मध्ये स्वतःचा कायदा करून टप्प्याटप्प्याने ती उणीव भरली. तिथल्या द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या मेक्सिकन मजुराला इतर कामगारांसारखा जादा तासाचा दाम मिळायला ऐंशी वर्षे लागली.

आपल्याकडे मात्र टन आणि तास यांची सांगड घालण्याचे काम एकदा प्रत्यक्षात झाले आहे, आणि ते झाले दुष्काळात. १९७२ चा दुष्काळ नगर जिल्ह्याच्या दक्षिण तालुक्यांतल्या म्हाताऱ्यांना अजून कालचा वाटतो. विहिरी आटल्या, बैल दावणीवरून बाजारात गेले, सुकडी खाऊन माणसे जगली. नालाबंडिंगच्या आणि खडी फोडायच्या कामांवर गावेच्या गावे उतरली. राज्यात एका टप्प्याला जवळपास पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना या काळात राज्यभर पसरली. लाल निशाण पक्षाचे दत्ता देशमुख यांच्यासारखे नगरचे नेते या मजुरांना संघटित करत होते. कामाची मागणी होती, वेळेवर पगाराची होती, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी हवी अशीही होती.

रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यातही मजुरी मोजमापावर होती. किती घनमीटर माती उकरली, किती खडी फोडली, त्यावर पैसे. पण दर कसा ठरवायचा याचा नियम कायद्यातच लिहिला होता. सर्वसाधारण ताकदीच्या माणसाने सात तास मन लावून काम केले तर त्याला किमान मजुरी पडली पाहिजे, असा दर ठेवायचा. आधी तास धरले आणि मग माप काढले. मुरूम असेल तर दर वेगळा, कातळ असेल तर वेगळा, वाहतूक लांब असेल तर वेगळा. ओव्हरसियरच्या मोजणीवरून भांडणे झाली, दर अपुरे पडले, हे सगळे खरे. पण मोजमापाच्या कामामागचे तास काढता येत नाहीत, असे म्हणायला त्यानंतर कोणालाही जागा उरली नाही. पाथर्डीच्या ज्या माणसाने उन्हाळ्यात रोजगार हमीवर सात तासांच्या हिशेबाने माती उकरली, तोच माणूस दसऱ्यानंतर उसाच्या फडात गेला की त्याच्या तासांचा हिशेब संपत होता.

तोडणी कामगारांची लढाई मग टनाच्या दरावरच होत राहिली. पाथर्डीचे बबनराव ढाकणे यांनी या माणसांचा आवाज विधानसभेत आणि पुढे संसदेत नेला. बीडचे गोपीनाथ मुंडे त्यांचे सर्वांत मोठे नेते झाले. हंगामाच्या तोंडावर कोयता बंद ठेवायचा, ट्रक गावातून हलू द्यायचे नाहीत, हे या कामगारांचे एकमेव हत्यार, आणि ते धारदार होते. फडात ऊस वाळतो म्हटल्यावर कारखान्यांना बोलणी करावीच लागत. साखर संघ एका बाजूला, संघटना दुसऱ्या बाजूला, आणि मधे लवाद, अशी रीत पडली. दर कायद्याने नव्हे, वाटाघाटीने ठरू लागला. ऑक्टोबर २०२० मध्ये शरद पवार यांच्या मध्यस्थीने १४ टक्के वाढ ठरली. जानेवारी २०२४ मध्ये पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत ३४ टक्के वाढीचा करार झाला, आणि टनाचा दर २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. मुकादमाचे कमिशनही वाढले.

या आकड्यांचे मोल कमी करायचे नाही. प्रत्येक रुपया भांडून मिळालेला आहे. पण एक हिशेब मांडून पाहावा. जोडीने दिवसात दोन टन तोडले असे धरले, तर ३६६ च्या दराने ७३२ रुपये होतात. माणशी ३६६. पहाटे चारपासून गाडी भरेपर्यंतचे बारा-चौदा तास यात आले. पहिल्या आठ तासांनंतरचे चार-सहा तास दुप्पट दराने धरले, तर आजचा ३६६ रुपयांचा दिवस प्रत्यक्षात तासाला किती पडतो? बारा तास धरले, तर चार जादा तासांचे आठ होतात, म्हणजे सोळा तासांचे पैसे. ३६६ ला १६ ने भागले की तेवीस रुपयांच्या आसपास तास येतो. दर वाढला की कामगार जास्त तास काम करून जास्त टन तोडतो आणि कमाई वाढलेली दिसते. त्या वाढीत दराचा वाटा किती आणि झोपेचा किती, हे टनाच्या पावतीवरून कधीच कळत नाही.

न मोजलेल्या तासांची किंमत वसूल झाली ती शरीरातून आणि पुढच्या पिढीतून. फडावर सहा महिने काढणाऱ्या मुलांची शाळा सुटत राहिली. शेजारच्या बीड जिल्ह्यात तोडणीवर जाणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत किंवा आजारात विसावा घेतला की खाडा पडतो, या धास्तीचा त्या शस्त्रक्रियांशी जवळचा संबंध होता. त्यानंतर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभे राहिले. टनामागे वर्गणी घेऊन त्याला निधी द्यायचे ठरले, आणि मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली. ही कामे हवीतच. पण ती कल्याणाची कामे आहेत, मजुरीची नाहीत. गेटच्या आतल्या कामगाराला ओव्हरटाइम कल्याण निधीतून मिळत नाही, तो पगारात मिळतो.

दरम्यान गेटच्या आतला हक्कही आता हलू लागला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतला दिवस ९ ऐवजी १२ तासांपर्यंत नेण्यास आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. दुप्पट दाम आणि कामगाराची संमती कायम राहील असे सांगण्यात आले. सुपे आणि नागापूरच्या औद्योगिक वसाहतींत ठेकेदारामार्फत कामावर असलेला तरुण ठेकेदाराला ‘नाही’ म्हणू शकेल का, याची मला मोठी शंका आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेत जादा कामाला दुप्पट मजुरीचे कलम १४ आहे. ते कोणाला लागू? ज्यांचा किमान दर तासावर, दिवसावर किंवा त्याहून मोठ्या मुदतीवर ठरलेला आहे त्यांना. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातली शब्दरचना सात दशकांनी जशीच्या तशी पुढे आली, आणि टनावर राबणारा पुन्हा बाहेर राहिला.

जानेवारी २०२४ चा करार तीन हंगामांसाठी होता, आणि ती मुदत २०२५-२६ च्या गळीताबरोबर संपते. त्यापुढच्या बोलण्यांत संघटनांनी टक्क्यांच्या आधी तासांची मागणी ठेवायला हवी, असे मला वाटते. काही निवडक फडांत आठ तासांत एक जोडी किती ऊस तोडते, सोलते, बांधते आणि वाहते याची नोंद करायची. आडसाली, खोडवा, पडलेला ऊस अशी वर्गवारी रोजगार हमीत माती आणि कातळाची केली होती तशी करायची. त्या आठ तासांत दोघांना मिळून दोन किमान मजुऱ्या पडतील असा टनाचा दर काढायचा, आणि त्यावरच्या प्रत्येक टनाला दुप्पट लावायची. वाहनाची वाट पाहण्यात गेलेल्या तासांची नोंद चिटबॉयने पावतीवरच करायची. पावतीत त्यासाठी एक रकाना वाढवावा लागेल.